केळीची राख

दुपारच्या बॅचपर्यंत प्रमोदिनीबाईंचा आवाज बसलेला असायचा. झुंजुमुंजू होताना सुरू झालेलं रसायनशास्त्र दिवेलागणीपर्यंत चालायचं, मधे डबा खायला मिळेल तेवढीच फुरसत. लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं. उमरी, देगलूर, निलंगा, कुठून कुठून पोरं यायची, एकेका खोलीत चौघं-चौघं राहायची आणि सगळ्यांना डॉक्टर नाहीतर इंजिनियर व्हायचं असायचं. बाई सोमवारी जे फळ्यावर लिहीत तेच मंगळवारी दुसऱ्या पोरांसाठी लिहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. पोरं हुशार होती, मन लावून ऐकत. तक्रार करावी असं काहीच नव्हतं. बाई फक्त थकल्या होत्या, आणि तो थकवा झोपून जात नव्हता.

त्यांचं घर नांदेडला. नवरा, रेणुकादास, शाळेतून निवृत्त होऊन अर्धापूरची केळीची जमीन पाहत होते. बाई लातुरात भाड्याच्या खोलीत एकट्या राहत आणि जमेल तेव्हा एसटीनं घरी जाऊन येत. नावापुढं 'डॉक्टर' होतं, तेही त्या केळीच्याच कृपेनं. घड उतरवला की केळीचं खोड बांधावर कुजत पडतं. त्या खोडाची सोपटं वाळवायची, बारीक कातरायची आणि त्यातून कारखान्याचं घाण पाणी जाऊ द्यायचं. पाण्यातलं क्रोमियम सोपट धरून ठेवतं. हे बाईंनी नांदेडच्या विद्यापीठात प्रबंध लिहून सिद्ध केलं होतं. सत्कार झाला, शाल मिळाली, प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात गेला. त्यानंतर त्याबद्दल त्यांना कुणी चकार शब्द विचारला नव्हता.

त्या उन्हाळ्यात क्लासनं नव्या खुर्च्या मागवल्या. चकचकीत पायांच्या, लिहायला पाटी जोडलेल्या. टेम्पोतून त्या उतरवून देणाऱ्या माणसाचे हात बाईंना दिसले. बोटांच्या पेरांवर गोल गोल खड्डे पडले होते, ओल्या मातीत काडी खुपसावी तसे.

"हे कधीपासून आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हे व्हय?" तो हसला. "आमच्या धंद्याचं गोंदण हाय, मॅडम. पाइपाला क्रोमचं पाणी चढवतो आमी. त्याचंच."

"नाकातून रक्त येतं का?"

तो हसायचा थांबला. "तुमाला कसं कळलं?"

हनुमंत त्याचं नाव. खुर्च्यांच्या पायांना मुलामा चढवणाऱ्या कारखान्याचा तो मालकच होता, पण माणूस कमी पडलं की स्वतः टेम्पोवर चढायचा. मूळचा किल्लारीकडचा. त्र्याण्णवच्या भूकंपात आईबाप आणि धाकटा भाऊ घरात झोपले होते ते तिथंच राहिले. हा विसर्जनाच्या मिरवणुकीहून परतलाच नव्हता, म्हणून वाचला. पुढं लातूरला येऊन एका मुलामावाल्याच्या हाताखाली राबला, धंदा शिकला आणि औद्योगिक वसाहतीच्या कडेला स्वतःचं शेड टाकलं. क्लास वाढले तशा खुर्च्या वाढल्या आणि त्याचं काम वाढलं. पाइप धुतलेलं पिवळं पाणी शेडमागच्या नाल्यात जायचं. नाल्यापलीकडं अमृतरावांचं शेत आणि विहीर. त्या विहिरीचं पाणी आता हळद कालवल्यासारखं झालं होतं. अमृतरावांनी अर्ज केला आणि प्रदूषण मंडळाची नोटीस आली. पाण्यावर प्रक्रिया करा, नाहीतर शेडला कुलूप.

"करायचं तर हायच," हनुमंत म्हणाला. "पण जो येतो तो येगळंच सांगतो. म्या धावी शिकलेला माणूस. कुणाचं खरं धरू?"

बाईंनी पदर खोचला. कितीतरी वर्षांनी त्यांना कुठंतरी जायची घाई झाली होती. "मला एकदा दाखवा," त्या म्हणाल्या.

रेणुकादासांनी फोनवर कुरकुर केली. "अगं, रविवारी तरी झोप. तुझा आवाज ऐक कसा झालाय." पण सोपटं त्यांनीच वाळवली, कातरून घेतली आणि आपल्या टेम्पोत घालून स्वतः लातूरला आणली. बाईंनी शेडमागं ड्रम ओळीनं मांडून घेतले. सोपट तेजाबाच्या पाण्यानं धुतलं, ड्रमांत दाबून भरलं, वरून पिवळंजर्द पाणी हळूहळू सोडलं. सगळे वाट पाहत उभे राहिले. शेवटच्या ड्रमाच्या तोटीतून पाणी आलं ते निवळशंख.

"आवं मॅडम!" हनुमंत एवढंच म्हणाला आणि त्यानं कामावरच्या सगळ्यांना हाका मारल्या.

मागच्या पत्र्याच्या खोलीतून एक म्हातारी बाहेर आली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं तोटीखाली वाकून पाहिलं. "अगं बया," ती म्हणाली, "केळीनं इख पिलं की गं."

ती नागुबाई, हनुमंतची मावशी. त्याच्या घरचं असं तेवढं एकच माणूस उरलं होतं. हनुमंतचं शहरात पक्कं घर होतं, बायको होती, पोरं होती, पण नागुबाई स्लॅबखाली झोपायला तयार नव्हती. घरातल्यांनी हरतऱ्हेनं समजावलं. "वर जड काय नगं," एवढंच ती म्हणायची. शेवटी हनुमंतनं शेडमागं पत्र्याची खोली बांधून दिली. तिथं तिची चूल होती, मेथी-वांग्याचा वाफा होता. बाई आल्या की ती गुळाचा चहा करायची आणि "पी लेकी, नरडं मोकळं हुतं," म्हणायची.

त्या पहिल्या दिवशीच हनुमंतनं विचारलं होतं, "मॅडम, ही सोपटं भरली की मग त्यांचं काय करायचं?"

"झाकून ठेवा, कुणाला हात लावू देऊ नका," बाई म्हणाल्या. "पुढं पाहू."

प्रबंधातही त्याबद्दल एकच वाक्य होतं: वापरलेल्या सोपटाची योग्य ती विल्हेवाट लावावी. परीक्षकांनी ते वाचून पान उलटलं होतं.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. मंडळानं पाण्याचा नमुना नेला, तो पास झाला. नांदेडच्या एका दैनिकात चौकट छापून आली, बाईंचा फोटो आणि मागं केळीची बाग. क्लासवाल्यांनी तो फोटो मोठा करून दारावर लावला. नांदेडच्या दुसऱ्या एका मुलामावाल्यानं फोन करून भेट मागितली. बाई रविवारी शेडवर जात, ड्रम बदलायला लावत, पाणी तपासत आणि संध्याकाळी खोलीवर येऊन आडव्या होत. अंग मोडून यायचं, पण त्या दिवसांत त्यांना गाढ झोप लागत होती. भरलेल्या सोपटाचं मात्र राहूनच जात होतं. ड्रम पुरेनात तेव्हा कामगारांनी ते पोत्यांत भरलं, पोती पुरेनात तेव्हा ताडपत्रीखाली ढीग घातला. बाई तो ढीग पाहत आणि मनात म्हणत, परीक्षा उरकू देत, मग बघते.

संक्रांतीनंतर, भर थंडीतल्या एका रविवारी त्या जरा लवकर पोचल्या. हनुमंत अजून आला नव्हता. त्या मागं गेल्या, तर नागुबाई पत्र्याच्या खोलीसमोर भांडी घासत बसली होती. टोपल्यात राख, हातात काथ्या. पातेल्यावरून पाण्याचा तांब्या ओतला आणि दगडावरून पाणी खाली आलं. पिवळं.

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"मावशी, भांड्यात हळद होती का?"

"न्हाई गं. ही राखच अशी हाय. कोरी घेतली तरी पिवळं पाणी सुटतंय. पन घासते लई ब्येस. बग, कसं लख केलंय."

"राख कशाची आहे?"

"त्या केळीची." नागुबाईनं ताडपत्रीकडं मान उडवली. "वाळल्यावर चुलीत भुरभुर पेटतंय. उगंच पडून राहिलं व्हतं, म्हनलं जाळून टाकावं. सरपान तरी वाचंल."

"तुम्हाला हनुमंतरावांनी सांगितलं नव्हतं? हात लावू नका म्हणून?"

"वल्लं हाय तवर हात लावू नगं म्हनला व्हता. म्हनून वाळू दिलं."

बाई तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. "हात बघू तुमचे."

नागुबाईनं हात पुढं केले. बोटांच्या बेचक्यांत आणि पेरांवर खड्डे पडले होते, हनुमंतच्या हातावर होते तसेच, पण ताजे, कडा लाल. "ह्ये चिघळून राहिलंय महिनाभर. आन नाकात खपल्या धरत्यात. थंडीचं असंल."

बाईंनी चिमूटभर राख वाटीत घेतली, पाणी घातलं, हलवलं. वाटीतलं पाणी पिवळं झालं. समजून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते त्यांना पाठ होतं. क्रोमियमचं खनिज खाराबरोबर मोकळ्या हवेत तापवलं की पिवळा क्रोमेट मिळतो. बारावीच्या धड्यातलं समीकरण. दर वर्षी, दर बॅचला त्या ते फळ्यावर लिहीत आणि पोरांना म्हणत, हे येतंच परीक्षेत, डोळे मिटून लिहिता आलं पाहिजे. सोपटानं धरलेलं क्रोमियम बरंचसं मवाळ, निरुपद्रवी होऊन बसलं होतं. चुलीनं त्याला धग दिली, हवा दिली, केळीच्या राखेनं खार दिला. होतं तसं विष पुन्हा तयार झालं, आणि तेही पूड होऊन, म्हातारीच्या नाकातोंडापाशी. इतक्या वेळा लिहिलेलं समीकरण त्यांना स्वतःच्या ढिगाऱ्याकडं बघून एकदाही आठवलं नव्हतं.

"मावशी, ही राख अजून कुणाला दिलीत?"

"दिली की. उमाबाईला दिली डबाभर. तुरीला लावाया. किडं लागत न्हाईत म्हनून."

उमाबाई म्हणजे अमृतरावांची बायको.

हनुमंत आला तेव्हा बाई तिथंच पायरीवर बसल्या होत्या. नागुबाईचे हात त्यांनी साध्या पाण्यानं धुवून घेतले होते, चूल विझवली होती. त्यांनी सगळं सरळ सांगितलं, काही न लपवता, काही न सावरता. त्या बोलत असताना हनुमंत मावशीच्या हातांकडं बघत होता.

"म्या हिला हातांनी उकरून काढली व्हती, मॅडम," तो म्हणाला. "आईचा आवाज बंद झाला व्हता. हिचा येत व्हता. म्हनून हिच्याकडनं उकरलं आधी."

बाई पायरीवरून उठल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलं होतंत, मी पाहू म्हणाले."

"ते ऱ्हाऊ द्या." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "आता काय करायचं ते सांगा. जे खरं हाय ते सांगा, मशीन घ्यावं लागंल म्हना, काय बी म्हना. आन हिला दवाखान्यात नेऊ पयलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी मलम दिलं, तपासण्या लिहून दिल्या. नाकात बॅटरी धरून पाहिलं आणि बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडलंय. हात बरे होतील, हे भरून येणार नाही.

अमृतरावांकडं जायचं काम बाईंनी स्वतःवर घेतलं. हनुमंत बरोबर येतो म्हणाला, पण त्यांनी त्याला मावशीजवळ थांबवलं. नाला ओलांडून त्या बांधानं गेल्या. अमृतराव बाजेवर बसून सुतळी वळत होते. साठी उलटलेला, हाडापेरानं मोठा माणूस. विहीर पिवळी झाल्यापासून ते पिण्याचं पाणी गावातून सायकलला कॅन लावून आणत.

"बसा बाई. पेपरात फोटू बघितला तुमचा," ते म्हणाले. "आता इहीर कवा साफ हुनार?"

"मी दुसऱ्या कामानं आलेय," बाई उभ्याच राहिल्या. "नागुबाईंनी दिलेली राख तुरीला लावलीत का?"

उमाबाई आतून पदराला हात पुसत आल्या. "लावली की. कणगीत भरली बी. का वो?"

बाईंनी सांगितलं. त्यांचा आवाज आधीच बसलेला, त्यामुळं दोघांना पुढं वाकून ऐकावं लागलं. गोठ्यात बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली.

"खाल्ली का त्यातली?" बाईंनी विचारलं.

"न्हाई अजून," उमाबाई म्हणाल्या. "ती ब्याची हाय. घरच्या ब्याची."

अमृतरावांनी सुतळी बाजूला ठेवली. "इहीर तर तुमी लोकांनी नेलीच," ते म्हणाले. "आता कणगी बी न्या."

"नेते," बाई म्हणाल्या. "आणि दुसरं बियाणं आणून देते."

"आमच्या आज्यापासनं चालत आल्यालं बी हाय ते. कुठनं आनून देता?"

त्या दुपारी बाई आणि उमाबाई, दोघींनी तोंडाला फडकं बांधून कणगी रिकामी केली. राखेनं माखलेली तूर पोत्यांत भरली. अमृतराव हात लावायला आले नाहीत. शेवटचं पोतं शिवताना उमाबाई एकदम म्हणाल्या, "नागुबाईला सांगू नगा तुरीचं. उगं जिवाला लावून घील." बाईंनी मान डोलावली.

नांदेडच्या मुलामावाल्याला बाईंनी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, बाईंना आता भाव आलाय. क्लासच्या दारावरचा फोटो मात्र पुढच्या निकालापर्यंत तसाच राहिला, कारण तो काढायला कुणाला वेळ नव्हता.

रेणुकादास लातूरला आले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझीच केळी, माझाच टेम्पो. तुझ्या एकटीच्या डोक्यावर नको घेऊस." बाईंना ते ऐकून रडू यायला हवं होतं. त्यांना फक्त जांभई आली आणि त्या तिथंच खुर्चीत झोपल्या.

मग जे पहिल्यापासून करायला हवं होतं ते झालं. त्यात नवं काही नव्हतं, त्यावर कुणी प्रबंध लिहिला नसता. शेडच्या कडेला सिमेंटच्या तीन टाक्या बांधल्या. पहिल्या टाकीत पिवळं पाणी तेजाबानं आंबट करायचं आणि त्यात एक पावडर टाकून ढवळायचं, की पिवळ्याचं हिरवं होतं. दुसऱ्या टाकीत चुना टाकायचा, की हिरवा गाळ तळाशी बसतो. तिसऱ्या टाकीत वरचं स्वच्छ पाणी. गाळ वाळवायचा, जाड पिशव्यांत बांधायचा, कुलपात ठेवायचा, आणि लांब जिथं असला गाळ अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात तिथली गाडी आली की त्यांच्या ताब्यात द्यायचा. उरलेलं सोपट, राख, भांड्यांचं पाणी जायचं त्या वाफ्याची माती, अमृतरावांची तूर, सगळं त्याच गाडीत गेलं. गाडी वेळेवर कधीच येत नसे. दर वेळी फोन करावे लागत, आणि ते बाई करत.

कामगारांना हातमोजे सक्तीचे केले. ते उकडतंय म्हणून काढून ठेवत, हनुमंत ओरडून घालायला लावी. तो स्वतःही घालू लागला.

नागुबाईचे हात भरून आले, वण राहिले. श्वास घेताना नाकातून बारीक शीळ वाजायची आणि ती स्वतःच हसायची, "बाई, माजं इंजन सुरू झालं बग." शेडमागं तिला आता ठेवायचं नव्हतं आणि स्लॅबखाली ती यायची नव्हती. शेवटी ती गावी गेली. किल्लारीकडं भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात तिच्या नावचं घर होतं, इतकी वर्षं कुलूपबंद. ती घरं हलली तरी पडत नाहीत म्हणतात. नागुबाईनं घरात भांडी ठेवली आणि अंगणात पत्र्याची पडवी करून तिथं बाज टाकली. परीक्षा संपल्यावर बाई जीपनं तिला भेटून आल्या. येताना तिनं त्यांच्या हातात गुळाचा खडा दिला आणि कुठल्याच गोष्टीचा विषय काढला नाही.

विहीर राहिली होती. नाल्यातून मुरलेलं जमिनीतच होतं, ते वरून येणं थांबलं तरी खालून येतच होतं. बाईंनी हनुमंतला सांगितलं की विहिरीचं पाणी उपसून टाक्यांतून काढायचं, पुन्हा भरेल, पुन्हा उपसायचं. दुसरा इलाज नाही. हनुमंतनं नाल्यावरून पाइप टाकला. दर रविवारी, शेडचं काम बंद असताना, अमृतराव आपल्या मोटारीचं बटण दाबत आणि बाई टाकीपाशी उभ्या राहत. पहिल्या वर्षी पाणी हळदीसारखं होतं. दुसऱ्या वर्षी लिंबाच्या सरबतासारखं. त्यानंतर फरक डोळ्यांना दिसेनासा झाला, नमुना तपासूनच कळायचा, आणि नमुना अजून पिण्याजोगा म्हणत नव्हता.

अमृतराव फारसं बोलत नसत. सुरुवातीला ते बटण दाबून घरी निघून जात. पुढं बांधावर बसू लागले. एका रविवारी त्यांनी बाईंसाठीही पोतं टाकलं.

"खरं सांगा बाई," ते म्हणाले, "माज्या हयातीत ह्या इहिरीचं पानी प्यायला मिळंल का?"

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. खोटं बोलायचं त्राणही त्यांच्यात नव्हतं. "नाही वाटत," त्या म्हणाल्या. "तुमच्या नातवंडांना मिळेल कदाचित."

अमृतरावांनी विहिरीकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "चुना कमी पडलाय म्हनत व्हता तुमचा हनुमंत," ते म्हणाले. "माज्याकडं दोन पिशव्या हायत, गोठ्याला आनल्याल्या. देऊ का पाठवून?"

"पाठवा," बाई म्हणाल्या.

पहिल्या टाकीत पाणी चढत होतं. बाईंनी हातमोजे घातले आणि ढवळायची काठी उचलली.